स्नेलला काढलं ते सोडा, आणलं कोणाला ते बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही लॉस एंजेलिसला राहायला आलात, ऑफिसमधल्या लोकांच्या नादानं बेसबॉल बघायला लागलात आणि २०२० च्या वर्ल्ड सिरीजची (मोसमाची अंतिम लढत, आधी चार मॅच जिंकेल तो विजेता) सहावी मॅच यूट्यूबवर पाहिलीत. टॅम्पा बे रेजचा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, ब्लेक स्नेल लॉस एंजेलिसच्या डॉजर्सना नुसता नाचवत होता आणि मॅनेजर केविन कॅशनं त्याला ७३ चेंडूंवर काढलं. मॅच हातची गेली, सिरीजही गेली. तुम्ही विचारता, हा माणूस मूर्ख होता की आकडेवारीचा गुलाम? बुमराह असा टाकत असताना कोणता कॅप्टन त्याच्या हातातून चेंडू काढून घेईल?

मूर्ख नव्हता, पण चुकला. फक्त लोक बोट ठेवतात ती जागा वेगळी आणि चूक झाली ती जागा वेगळी.

माझी ओळख एवढीच: लहानपणी जळगावात सॉफ्टबॉल खेळलो, आणि गेली सोळा वर्षं न्यू जर्सीत शनिवार-रविवार मुलांच्या बेसबॉलचा कोच आहे. मोठ्या लीगच्या डगआऊटमध्ये, म्हणजे संघाच्या बसायच्या जागेत, कधी पाय ठेवलेला नाही. पण पिचर ठेवू की काढू या प्रश्नानं पोटात गोळा कसा येतो ते मला चांगलं माहीत आहे. एका हातात चेंडू मोजायचा क्लिकर, समोर दमलेलं पोरगं आणि पाठीमागे घडीच्या खुर्च्यांवर बसलेले, सगळं कळणारे आईबाप.

आधी त्या रात्री काय घडलं ते नीट बघू. २७ ऑक्टोबर २०२०, टेक्ससमधलं आर्लिंग्टन. करोनामुळे सगळी सिरीज तिथेच. डॉजर्स ३-२ नं पुढे, म्हणजे रेजना हरून चालणारच नव्हतं. पहिल्याच इनिंगमध्ये (मॅच नऊ इनिंगची, तीन जण बाद झाले की संघाची इनिंग संपते) रँडी अरोझारेनाच्या होमरननं, म्हणजे थेट स्टँडमध्ये मारलेल्या चेंडूनं, रेज १-० नं पुढे गेले आणि मग स्नेलनं दुकान उघडलं. सहाव्या इनिंगमध्ये एक जण बाद झाल्यावर ऑस्टिन बार्न्सनं सिंगल मारला, म्हणजे मारून पहिला बेस गाठला, तेव्हा स्नेलचा हिशोब असा होता: १८ बॅटर, दोन हिट (मारून गाठलेले बेस), एकही वॉक (चार बाहेरच्या चेंडूंवर मिळणारा फुकटचा पहिला बेस) नाही, नऊ स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बाद). डॉजर्सचे वरचे तिघे, मूकी बेट्स, कोरी सीगर आणि जस्टिन टर्नर, प्रत्येकी दोनदा आले होते आणि सहाच्या सहा वेळा स्ट्राइकआऊट होऊन परतले होते. आता तिसऱ्यांदा बेट्स येणार होता. कॅश डगआऊटमधून निघाला. त्याला येताना पाहून स्नेलच्या तोंडून काय निघालं ते टीव्हीवर सगळ्यांनी ओठांवरून वाचलं.

राखीव पिचर (रिलीव्हर) निक अँडरसन आला. बेट्सनं डबल मारला, म्हणजे एका फटक्यात दुसरा बेस गाठला. मग एक चेंडू कॅचरला चुकवून मागे गेला, बार्न्स घरी, म्हणजे होम प्लेटवर, पोचला, १-१. सीगरनं फर्स्ट बेसच्या दिशेनं जमिनीलगत मारलेल्या चेंडूवर बेट्स धावत सुटला आणि थ्रोच्या आधी प्लेटवर पोचला, २-१. पुढे आठव्या इनिंगमध्ये बेट्सनंच होमरन मारून ३-१ केलं. डॉजर्सना १९८८ नंतर पहिल्यांदा विजेतेपद मिळालं. नंतर बेट्सनं आणि डॉजर्सचा मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्सनं दोघांनीही कबूल केलं की स्नेल गेल्यावर त्यांना हायसं वाटलं होतं.

आता तुमच्या बुमराहकडे येतो, कारण गफलत तिथेच होते आहे. बुमराहला कॅप्टननं चार ओव्हर टाकून घेऊन थांबवलं तर तासाभरानं परत आणता येतं. बेसबॉलमध्ये एकदा मैदानाबाहेर गेलेला खेळाडू त्या मॅचमध्ये परत येत नाही. म्हणजे स्नेलला काढणं म्हणजे त्याला विश्रांती देणं नव्हतं, त्या रात्रीपुरतं त्याचं दार कायमचं लावणं होतं. दुसरी गोष्ट, क्रिकेटमध्ये तोच फलंदाज तुम्हाला सलग बघत असतो. इथे नऊ जण रांगेनं येतात, आणि तिसऱ्यांदा तोच बॅटर समोर आला की त्यानं पिचरचा चेंडू हातातून कसा सुटतो, कुठे वळतो ते डोळ्यांत साठवलेलं असतं. अनेक मोसमांच्या आकडेवारीतून दिसतं की तिसऱ्या फेरीत बॅटर पिचरला पहिल्या फेरीपेक्षा जास्त मारतात, मग पिचर दमलेला असो वा नसो. मी बारा वर्षांच्या मुलांमध्येही हे बघतो. पहिल्यांदा घाबरून मागे सरकणारं पोरगं तिसऱ्यांदा आलं की पाय रोवून उभं राहतं.

कॅशनं मॅचनंतर हेच कारण दिलं: बेट्स आणि सीगरनं स्नेलला तिसऱ्यांदा बघू नये. आणि हा काही त्या रात्री अंगात आलेला विचार नव्हता. जुलै २०१९ नंतर स्नेलनं एकाही मॅचमध्ये सहा इनिंग पूर्ण केल्या नव्हत्या. रेजचा सगळा संसारच याच पद्धतीवर उभा होता: पैसे कमी, मोठे तारे परवडत नाहीत, म्हणून पिचर लवकर बदला आणि पाठोपाठ ताजे हात आणा. त्या छोट्या मोसमात ६० पैकी ४० मॅचेस त्यांनी अशाच जिंकल्या. कॅशला अमेरिकन लीगचा सर्वोत्तम मॅनेजर म्हणून त्या वर्षीचा पुरस्कारही मिळाला.

आणि दहाच दिवस आधीची गोष्ट ऐका. १७ ऑक्टोबर, ह्यूस्टन ॲस्ट्रोसविरुद्ध सातवी मॅच, हरलं की घरी. चार्ली मॉर्टन सुंदर टाकत होता, ६६ चेंडू, दोनच हिट, शून्य धावा. सहाव्या इनिंगमध्ये दोन बाद असताना कॅशनं त्याला काढलं आणि आणलं कोणाला? याच निक अँडरसनला. अँडरसननं मायकेल ब्रँटलीला बाद केलं, इनिंग संपली, रेज ४-२ नं जिंकून वर्ल्ड सिरीजला पोचले. तेव्हा कॅशला कोणी शिवी दिल्याचं मला आठवत नाही. तोच मॅनेजर, तीच चाल, तोच रिलीव्हर. म्हणून 'आकड्यांचा गुलाम' हा आरोप मला अर्धवट वाटतो. गुलामीच असेल तर ती सतरा ऑक्टोबरलाही होती.

मग चूक कुठे? अँडरसनमध्ये. 'पिचर काढला' हे वाक्यच अपुरं आहे. दर वेळी पूर्ण वाक्य असं असतं: 'याला काढून त्याला आणला.' चाहते पहिल्या अर्ध्यावर भांडतात, कारण समोर दिसतो तो पहिला. त्या वर्षीच्या नियमित मोसमात अँडरसनचा ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे स्वतःच्या नावावर पडलेल्या धावा, ०.५५ होता. जवळजवळ कोणी हातच लावू शकत नव्हतं त्याला. पण प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत, तो वारंवार वापरला गेला होता आणि त्या रात्रीआधीच्या सलग सहा मॅचेसमध्ये त्यानं धावा दिल्या होत्या. सलग सहा! हा योगायोग म्हणून सोडून द्यायचा आकडा नाही. त्यात बेट्स उजवा, अँडरसनही उजवा. बेट्स त्या मोसमात डावखुऱ्या पिचरांपुढे चाचपडत होता आणि उजव्यांची धुलाई करत होता. म्हणजे स्नेलची तिसरी फेरी धोक्याची हे मान्य केलं, तरी त्याच्या जागी जे आणलं ते त्याहून धोक्याचं होतं. आकडे बघायचेच तर सगळे बघावेत.

त्यात २०२० पासूनचा नवा नियम. नव्या पिचरनं किमान तीन बॅटरना सामोरं जायचं किंवा इनिंग संपवायची. पूर्वी एका बॅटरपुरता माणूस आणून लगेच बदलता यायचा. आता अँडरसन आणला म्हणजे बेट्स, सीगर, टर्नर असं सगळं पॅकेज त्याच्या गळ्यात.

पण मी इथे थोडं कॅशच्या बाजूनं बोलणार आहे, कारण टीव्हीवर जे दिसत नाही ते तुम्हाला सांगायला हवं. माउंडवर, म्हणजे पिचर उभा असतो त्या उंचवट्यावर, चालत जाण्याचा क्षण हा निर्णयाचा क्षण नसतो. तोवर निर्णय शिळा झालेला असतो. खरा निर्णय होतो तो फोनवर. डगआऊटमधून बुलपेनला, म्हणजे राखीव पिचर हात गरम करतात तिथे, फोन जातो, 'अमक्याला उठवा.' तो माणूस उठतो, जॅकेट काढतो, हळूहळू खांदा सोडवतो, मग पंधरा-वीस चेंडू जोर लावून टाकतो. याला काही मिनिटं लागतात, आणि माउंडवरच्या पिचरनं दोन चेंडूंत दोघांना बाद केलं तर तेवढीही मिळत नाहीत. त्यामुळे मॅनेजर कायम पुढच्या दोन-तीन बॅटरचा विचार करून आधीच फोन करत असतो. शिवाय गरम केलेला माणूस परत बसवला की त्याचा हात फुकट खर्ची पडतो. ते चेंडू स्कोअरकार्डावर येत नाहीत, पण खांद्याला ते मोजता येतात. दोनदा उठवून बसवलेला पिचर तिसऱ्यांदा मैदानात येतो तेव्हा तो 'ताजा' नसतो.

आमच्या लीगमध्ये बुलपेन म्हणजे कुंपणाला टेकून ठेवलेली एक बादली आणि एक जास्तीचा कॅचर. तरी सूत्र तेच. मी एकदा एका मुलाला 'जरा हात मोकळा कर' म्हणून पाठवलं आणि विसरलो. तीन इनिंगनंतर त्याला बोलावलं तेव्हा तो म्हणाला, "कोच, मी मघापासून टाकतोच आहे." दोष कोणाचा हे सांगायला नको.

आता, काय काय परिस्थितीवर अवलंबून असतं? पुष्कळ. १६२ मॅचेसच्या मोसमातली जूनमधली मंगळवारची मॅच असेल तर मी पिचर लवकर काढण्याच्या बाजूनं असतो, कारण त्याचा खांदा सप्टेंबरमध्ये लागणार असतो. हरलं की घरी अशा मॅचमध्ये हिशोब उलटा. बॅटर डावे की उजवे, काल कोण किती टाकून बसलंय, एक धावेची आघाडी की पाच धावांची. आणि एक गोष्ट माझ्या अनुभवातून: पिचरला कधी विचारू नये. तो 'मी ठीक आहे' असंच म्हणणार. मी माउंडवर जातो तेव्हा पोराकडे बघून हसतो आणि प्रश्न कॅचरला विचारतो, तोही डोळ्यांनी. चेंडू ग्लोव्हमध्ये कसा लागतोय ते त्याच्या तळहाताला कळतं. दुसरी खूण म्हणजे चेंडू वर राहायला लागतात. खाली मागितलेला चेंडू सलग दोनदा पोटाच्या उंचीवर आला की हात दमला, बाकी पोरगं काहीही सांगो. स्नेलच्या बाबतीत मला तरी अशी खूण दिसली नाही. बार्न्सचा एक सिंगल ही काही खूण नव्हे.

पिचरचं ऐकलं की काय होतं त्यासाठी २०१५ ची वर्ल्ड सिरीज बघा, पाचवी मॅच, न्यूयॉर्क. मेट्सचा मॅट हार्वी आठ इनिंग शून्य धावा देऊन बसला होता, आघाडी २-०. मॅनेजर टेरी कॉलिन्स नवव्या इनिंगला क्लोजर, म्हणजे शेवट टाकणारा खास पिचर, आणणार होता. हार्वी डगआऊटमध्ये त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला, मी जाणार म्हणून. स्टेडियम त्याच्या नावानं ओरडत होतं. कॉलिन्सनं मन मोठं केलं. पहिल्या बॅटरला वॉक, दुसऱ्याचा डबल, २-१. मग क्लोजर आला, बरोबरी झाली आणि १२ व्या इनिंगमध्ये कॅन्सस सिटी ७-२ नं जिंकून विजेतेपद घेऊन गेली. जे लोक कॅशला 'आकडे बघत बसला, माणूस बघितला नाही' म्हणतात, तेच कॉलिन्सला 'भावनेच्या भरात वाहून गेला' म्हणतात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण मात्र बॉस्टनचं. १६ ऑक्टोबर २००३, यँकी स्टेडियम, यँकीजविरुद्ध अमेरिकन लीगच्या अंतिम फेरीची सातवी मॅच, आठवी इनिंग. रेड सॉक्स ५-२ नं पुढे, माउंडवर पेड्रो मार्टिनेझ. एक बाद झाल्यावर डेरेक जीटरचा डबल, बर्नी विल्यम्सचा सिंगल, ५-३. मॅनेजर ग्रेडी लिटल माउंडवर गेला, ११५ चेंडू झाले होते. पेड्रो म्हणाला, टाकतो. लिटल एकटाच परत आला. बुलपेनमध्ये ॲलन एम्ब्री आणि माइक टिमलिन, दोघेही त्या प्लेऑफमध्ये जबरदस्त टाकत होते. पुढचा बॅटर हिदेकी मात्सुई डावा, एम्ब्रीही डावा, म्हणजे नेमका त्याच्यासाठीचा माणूस हजर. इथे 'कोणाला आणणार' याचं उत्तर दारात उभं होतं, आणि तरी पेड्रोच राहिला. मात्सुईचा डबल, होर्हे पोसाडाचा डबल, ५-५. अकराव्या इनिंगमध्ये टिम वेकफिल्डच्या पहिल्याच चेंडूवर ॲरन बूननं होमरन मारला आणि बॉस्टनचा मोसम संपला. लिटलचा करार पुढे वाढवला नाही. माझ्या मते हा निर्णय कॅशच्या निर्णयापेक्षा कितीतरी वाईट होता.

तो बून लक्षात ठेवा. २५ ऑक्टोबर २०२४ ला तोच ॲरन बून यँकीजचा मॅनेजर म्हणून तुमच्याच डॉजर स्टेडियममध्ये उभा होता. वर्ल्ड सिरीजची पहिली मॅच, दहावी इनिंग, ३-२ नं पुढे. त्यानं नेस्टर कोर्टेसला आणलं, जो दुखापतीमुळे १८ सप्टेंबरनंतर एकही मॅच खेळला नव्हता. दुसरा डावखुरा टिम हिल बुलपेनमध्येच होता. कोर्टेसनं डॉजर्सच्या शोहेई ओहतानीला पहिल्या चेंडूवर बाद केलं, बेट्सला मुद्दाम वॉक दिला आणि फ्रेडी फ्रीमननं त्याचा पुढचाच चेंडू स्टँडमध्ये पाठवला. ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होमरन, चार धावा), ६-३, मॅच खल्लास. २१ वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या मॅनेजरची नोकरी घालवणारा माणूस त्या रात्री स्वतः चौकात उभा होता. इथेही वाद 'कोणाला आणलं' याचाच.

निकालानं पाप धुतलं जातं याचा पुरावा हवा असेल तर २०१६ घ्या. शिकागो कब्जचा मॅनेजर जो मॅडननं वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या मॅचमध्ये ७-२ अशी आघाडी असताना सातव्या इनिंगला आपला क्लोजर अरोल्डिस चॅपमन आणला. ९-२ झाल्यावर नवव्या इनिंगलाही त्यालाच पाठवलं. दुसऱ्या दिवशी सातवी मॅच. तीत काइल हेंड्रिक्सला ६३ चेंडूंवर, ५-१ नं पुढे असताना काढलं. आठव्या इनिंगमध्ये दमलेल्या चॅपमनला राजाई डेव्हिसनं होमरन मारला, ६-६. मग १७ मिनिटं पाऊस पडला, दहाव्या इनिंगमध्ये कब्ज ८-७ नं जिंकले, १०८ वर्षांचा दुष्काळ संपला आणि मॅडन देवमाणूस झाला. कॅशच्या एका निर्णयाबद्दल पुस्तकभर बोलणारे लोक मॅडनच्या तीन निर्णयांबद्दल हसून सोडून देतात.

आणि माझं पाप? बारा वर्षांच्या मुलांची स्पर्धा होती. आमच्या नियमात त्या वयाला दिवसाला जास्तीत जास्त ८५ चेंडू. ६५ पर्यंत टाकले तर तीन दिवस सुट्टी, ६६ झाले की चार. मंगळवारची मॅच, शनिवारी पुढची फेरी. माझा सगळ्यात चांगला मुलगा पाचव्या इनिंगमध्ये ५८ वर होता, आम्ही एका धावेनं पुढे. त्याला शनिवारसाठी राखून ठेवू म्हणून मी काढलं. ज्याला आणला त्यानं पहिल्या दोघांना वॉक दिला, तिसऱ्यानं उजव्या कोपऱ्यात मारला आणि आम्ही एका धावेनं हरलो. शनिवारची मॅच आलीच नाही. शनिवारी मी इंडियन स्टोअरमध्ये भेंडी निवडत होतो. याच चुकीची थोरली आवृत्ती त्याच २०१६ साली बॉल्टिमोरच्या बक शोवॉल्टरनं केली होती. मोसमभरात ४७ पैकी ४७ सेव्ह करणारा, म्हणजे दर वेळी आघाडी राखून मॅच संपवणारा झॅक ब्रिटन बुलपेनमध्ये बसून राहिला आणि टोरोंटोच्या एड्विन एन्कार्नासिओननं अकराव्या इनिंगमध्ये दुसऱ्याच पिचरला तीन धावांचा होमरन मारून मोसम संपवला. हे उदाहरण मला पाठ होतं, तरी मी तेच केलं.

त्या मंगळवारी दुसऱ्या एका मुलाचे आजोबा सांगलीहून आलेले होते. आयुष्यातली पहिलीच बेसबॉल मॅच. सगळं आवरून मी बॅटची पिशवी गाडीत टाकत होतो तर ते शेजारी येऊन उभे राहिले. "साहेब, त्यो पोरगा बरा टाकत हुता की. का काढलासा वो त्याला?" मी त्यांना सुट्टीचे दिवस, ६५-६६ सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग शनवारी कोण टाकनार?"

तर तुमच्या कॅशबद्दल माझा निकाल असा. मी असतो तर स्नेलला बेट्स आणि सीगर दोघांपुरता ठेवला असता. सीगर डावा आहे, म्हणजे तिथेही डावखुऱ्या स्नेलची बाजू वरचढ होती. टर्नरच्या आधी फोन करून दुसरा उजवा हात तयार ठेवला असता, अँडरसन नव्हे, पीट फेअरबँक्ससारखा कोणी. आता यावर तुम्ही लगेच म्हणाल की आठव्या इनिंगमधला बेट्सचा होमरन फेअरबँक्सलाच बसला. खरं आहे. म्हणून मी जिंकलोच असतो असा दावा करत नाही.

स्नेल आता डॉजर्सकडेच आहे, त्यामुळे हा प्रयोग तुम्हाला घरच्या मैदानावर करता येईल. पाचव्या-सहाव्या इनिंगपासून माउंड बघणं थोडं कमी करा आणि कुंपणापलीकडच्या बुलपेनकडे बघा. कोण उठलं, कोण परत बसलं, पुढचे तीन बॅटर डावे की उजवे. मॅनेजर बाहेर पडायच्या आधी मनात नव्हे, कागदावर लिहा: ठेवायचा की काढायचा, आणि काढायचा तर कोणाला आणायचं. नाव लिहिल्याशिवाय वर बघायचं नाही. मी गेली काही वर्षं असं एका जुन्या वहीत लिहितो. ती बायकोला दाखवत नाही.